बोलण्यात आठ

तोंडी परीक्षेसाठी चौदाव्या क्रमांकाला आत बोलावलं तेव्हा वेल्गा वाकून रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे उलटे करत होती, म्हणून तिला आधी बूट दिसले. तपकिरी, घोट्याशी उसवलेले आणि काळ्या दोऱ्याने घरीच शिवलेले. हे बूट तिच्या ओळखीचे होते. दर हिवाळ्यात ते तिच्या समोरच्या दाराबाहेर, वर्तमानपत्राच्या घडीवर, बर्फाचं पाणी गाळत पडलेले असत. तिने मान वर केली. रिम्मा उभी होती. निळा कोट, गळ्यात सणावाराचा रुमाल, ओठांना थोडा रंग. दोघींची नजर भेटली आणि रिम्माच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. "शुभ दिवस," ती लाटवियनमध्ये म्हणाली, आणि पोस्टाच्या खिडकीतल्या बाईकडे बघावं तसं बघत खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

चौतीस वर्षं. रीगातल्या त्या नऊ मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, मध्ये चार पावलांची जागा, आणि स्वयंपाकघरांची भिंत एकच. या चौतीस वर्षांत रिम्माने तिला कधी 'शुभ दिवस' म्हटलं नव्हतं. ती म्हणायची, "जिवंत आहेस का गं?" नाहीतर, "कुठे उधळलीस एवढ्या सकाळी?" नाहीतर काहीच न म्हणता दारावर लाथ मारायची, कारण दोन्ही हातांत भांडं असायचं. अर्थात रशियनमध्ये. त्या चार पावलांच्या जागेची भाषा रशियन होती, आणि ती कधी आणि कुणी ठरवली हे आता वेल्गाला सांगता आलं नसतं. वेल्गा लाटवियनची शिक्षिका. शाळेत सदतीस वर्षं तिने पोरांची विभक्तिरूपं दुरुस्त केली होती. पण लिफ्टमधून बाहेर पडलं की तिची जीभ आपोआप वळायची, घरात शिरताना पायांनी चपला शोधाव्यात तशी.

शेजारच्या खुर्चीवर रेनिस होता. एकोणतीस वर्षांचा, नीटनेटका, गुणांचा कागद त्याच्यापुढे. प्रश्न वेल्गाने विचारायचे, गुण आधी त्याने मांडायचे, मग दोघांनी मिळून आकडा ठरवायचा आणि सही करायची. सकाळी एका छापील कागदावर वेल्गाने सही केली होती की आज येणाऱ्यांत तिचं कुणी नातेवाईक नाही. शेजारणीचा त्यात उल्लेख नव्हता. यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. आता या क्षणी तिने रेनिसकडे वळून म्हणायला हवं होतं, 'या बाईंना मी ओळखते, दुसऱ्या कुणाला बसव.' वाक्य तयार होतं. ते तिच्या तोंडात होतं. पण समोरची बाई तिला ओळख देत नव्हती, आणि तिने दिली नाही तर आपण कशी द्यायची, असं काहीसं वेल्गाच्या मनात आलं. मनात आलं म्हणणंही जास्त होईल. हातमोज्याची लोकर अजून ओली होती आणि तिच्या बोटांना ती ओली आहे एवढंच कळत होतं.

"तुमचं नाव काय?" तिने विचारलं.

"माझं नाव रिम्मा. मी सत्तर वर्षांची आहे. मी रीगामध्ये राहते. माझं घर सहाव्या मजल्यावर आहे." प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती, एकेक ताट मांडल्यासारखी. आवाजही तिचा नव्हता. रिम्माचा आवाज घोगरा, खालच्या पट्टीतला, हसताना मध्येच फुटणारा. हा आवाज बारीक आणि वरचा होता, शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीचा. वेल्गाला तो आवाज ऐकल्यासारखा वाटला, आणि मग आठवलं की खरोखरच ऐकला होता. ऑगस्टपासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीतून एक गुणगुण येत असे. एकसुरी, थांबत थांबत, पुन्हा पहिल्यापासून. वेल्गाला वाटलं होतं रिम्माने म्हातारपणी देवाचं काही सुरू केलंय. तिने एकदा थट्टेने विचारलंही होतं, "काय गं, संत व्हायचं ठरवलंस का?" तेव्हा रिम्मा म्हणाली होती, "रेडिओ असतो तो. रेडिओसुद्धा ऐकू नको का आता?" तीन महिने ती भिंतीला तोंड करून म्हणत होती: माझं घर सहाव्या मजल्यावर आहे.

गेल्या वर्षी कायदा झाला होता. ज्यांच्याकडे रशियाचा पासपोर्ट आहे आणि जे पंच्याहत्तरीच्या आतले आहेत, त्यांनी लाटवियनची प्राथमिक परीक्षा द्यायची. ती झाली नाही तर राहण्याचा परवाना संपतो, आणि मग देश सोडायची तारीख येते. रिम्मा दोन वर्षांची असताना तिचे आईवडील रशियातल्या प्स्कोवकडून इथे आले. बाप गवंडी, युद्धात पडलेल्या भिंती पुन्हा उभ्या करायला आलेला. ती रेडिओच्या कारखान्यात पंचवीस वर्षं तारा जोडत होती. देश स्वतंत्र झाला तेव्हा तिच्या हातात कुणाचेच नागरिक नसलेल्यांचा जांभळा पासपोर्ट आला. पंचावन्नाव्या वर्षी तिने रशियाचा लाल घेतला, कारण त्यांच्याकडे पेन्शन लवकर सुरू होत होती आणि कारखाना केव्हाच बंद पडला होता. "लाल काय, जांभळा काय," ती तेव्हा म्हणाली होती, "मी काय कुठे जाणार आहे? मी बाजारापर्यंत जाते." कायदा आला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली, आणि वेल्गाने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "तीस वर्षं झाली. शिकायला काय धाड भरली होती?" तिला ते खरंच वाटत होतं. रिम्माशी या विषयावर ती कधी बोलली नाही. रिम्माही बोलली नाही. दोघी लिफ्ट बंद पडते त्यावर बोलत, कोबीवर बोलत.

"तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा."

"मला एक मुलगी आहे. ती आयर्लंडमध्ये राहते. मला एक नात आहे." रिम्माने श्वास घेतला. "मला नवरा आहे. त्याचं नाव गेन्नादी आहे. तो बागेत काम करतो. त्याला मासे आवडतात."

रेनिसने मान डोलावली आणि कागदावर खूण केली. वाक्यं बरोबर होती. विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर. गेन्नादी अकरा वर्षांपूर्वी गेला होता, मार्चमध्ये, बसस्टॉपवर. दवाखान्यातून फोन आला तो वेल्गाच्या घरी, कारण रिम्माचा फोन बंद होता, आणि समोरच्या दारापर्यंतची ती चार पावलं वेल्गानेच चालली होती. तीन दिवस तिच्या घरातल्या खुर्च्या तिकडे होत्या. तो रिम्मापेक्षा चांगलं लाटवियन बोलायचा, आणि बोलताना मुद्दाम चुकायचा, वेल्गाला चिडवायला. आता तो पुन्हा बागेत काम करत होता, वर्तमानकाळात, कारण त्याच्या बायकोला भूतकाळ येत नव्हता. तिने ज्या पुस्तकातून पाठ केलं त्यातल्या धड्यात नवरा असणार, बाग असणार. तिने फक्त नाव घातलं होतं. वेल्गाने खाली प्रश्नांच्या कार्डाकडे बघितलं. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. काही झालं नाही. रेडिएटरमध्ये पाणी कुरकुरत होतं.

तिची आई बोटाने दाखवायची. हे तिला तिथे, पुढचा प्रश्न वाचण्याआधीच्या एवढ्याशा फटीत आठवलं. आई खेड्यातून शहरात आलेली, तिला रशियन अगदी तुटपुंजं. वेल्गा सहा वर्षांची होती, दुकानात रांग होती, आणि आईने लाटवियनमध्ये पाव किलो लोणी मागितलं. काउंटरवरची बाई पांढऱ्या टोपीतली, थकलेली, वाईट अशी काही दिसत नव्हती. ती म्हणाली, "माणसांच्या भाषेत बोल ना, बाई." रांगेतलं कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. आईचं तोंड थोडं उघडं राहिलं. तेव्हा वेल्गाने टाचा उंचावून स्वच्छ रशियनमध्ये सांगितलं, पाव किलो लोणी द्या. "बघा, पोर कशी हुशार आहे!" असं म्हणून त्या बाईने तिला बरणीतून एक गोळी काढून दिली. घरी येईपर्यंत आई तिच्याशी बोलली नाही. त्यानंतर ती मरेपर्यंत दुकानात फक्त बोट दाखवायची. देश स्वतंत्र झाला, काउंटरवर लाटवियन मुली आल्या, तरी बोटच. तिच्या उजव्या हाताचं ते बोट वेल्गाला चेहऱ्यापेक्षा स्पष्ट आठवतं. आणि ती गोळी लिंबाची होती, आत मऊ. तशी चांगली गोळी तिने पुन्हा कधी खाल्ली नाही. हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"तुम्ही काल काय केलं?" तिने विचारलं.

हा प्रश्न कार्डावर होता. तो प्रत्येक कार्डावर असतो. रिम्मा तिच्याकडे बघत राहिली. 'काल' हा शब्द तिला कळला होता, ते दिसत होतं. भुवयांमध्ये ती रेघ आली, गणित चुकल्यावर यायची तीच. प्रश्न एकदा पुन्हा विचारायची परवानगी असते. वेल्गाने पुन्हा विचारला, सावकाश, शब्द सुटे करून, आणि तसं विचारताना तिला जाणवलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा रिम्माशी सावकाश बोलतोय.

पहिल्यांदा नाही. एकदा बोलली होती. ब्याण्णव साली. आदल्या वर्षी, जानेवारीतल्या त्या दिवसांत, सोव्हिएत रणगाडे शिरू नयेत म्हणून शहराच्या रस्त्यांत ट्रक आणि ओंडके आडवे घालून लोक राखणीला बसले होते. वेल्गाही चहाचे थर्मास घेऊन जात होती, आणि तिचा चार वर्षांचा मार्तिन्श सहा दिवस रिम्माकडे होता. वेल्गाचा नवरा तेव्हाच सोडून गेलेला. सहाव्या दिवशी पोरगा रशियनमध्ये शिव्या शिकून घरी आला आणि दोघी जिन्यात पोट धरून हसल्या. पुढच्या वर्षी रिम्मा म्हणाली, "ए मास्तरीणबाई, आता तुमचं राज्य आलं. मला शिकव. माझ्याशी लाटवियनच बोल, काही झालं तरी." आठवडाभर तसं चाललं. रिम्मा जिन्यात उभी राहून बटाट्यांबद्दल काहीतरी सांगायला जायची, मध्येच अडकायची, हातवारे करायची, आणि वेल्गाला शाळेतून आल्यावर डोकं दुखत असायचं. सातव्या दिवशी ती रशियनमध्ये म्हणाली, "जाऊ दे गं. आपल्या दोघींना हेच सोपं पडतं." रिम्माच्या चेहऱ्यावर सुटकाच दिसली. निदान वेल्गाला तेव्हा ती सुटका वाटली. त्यावर दोघींनी कॉफी घेतली.

"काल," रिम्मा म्हणाली. "काल शेजारीण." ती थांबली. "शेजारीण येणे. मुरंबा देणे. सफरचंद." तिने हाताने बरणीचा आकार केला आणि लगेच हात मांडीवर घेतला, कुणी ओरडल्यासारखा. "शेजारीण चांगली बाई आहे. ती शिक्षिका आहे."

काल संध्याकाळी वेल्गाने खरंच बरणी दिली होती. दारात उभ्यानेच. रिम्मा म्हणाली होती, "साखर घातलीस का यंदा, का मागच्यासारखं तोंड वाकडं करायला लावणार?" आणि आज परीक्षा आहे याबद्दल अवाक्षर नाही.

रेनिस पुढे झुकला. तो चांगला मुलगा होता. कार्डाबाहेरचा सोपा प्रश्न विचारून समोरच्याला हात द्यायची त्याला सवय होती. "छान," तो हसून म्हणाला. "शेजारणीशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता?"

रिम्माने वेल्गाकडे बघितलं नाही. तिने रेनिसकडे बघितलं, सरळ, आणि म्हणाली, "लाटवियनमध्ये. आम्ही नेहमी लाटवियनमध्ये बोलतो."

"खूपच छान," रेनिस म्हणाला.

रिम्मा उठली, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, "आभारी आहे, नमस्कार," म्हणाली आणि गेली. शिवलेला बूट जमिनीवर थोडा चिकटत होता. दार बंद झाल्यावर रेनिसने पेन्सिल कागदावर टेकवली. "आठ आणि नऊच्या मध्ये आहे," तो म्हणाला. पास व्हायला पंधरापैकी नऊ लागत. "उत्तरं पाठ केलेली आहेत, पण उच्चार बरा आहे. आणि शेवटी स्वतःहून बोलल्या. मी नऊ म्हणेन. तुम्ही काय म्हणता, वेल्गाताई?"

पुढे कितीतरी दिवस वेल्गा या क्षणाकडे परत जाई आणि तिथे काही सापडतं का बघे. राग होता का? तीन महिने लपवल्याचा? आईचं बोट होतं का? की नुसती भीती, की नऊ म्हटलं तर ते मैत्रीचं नऊ होईल? यातलं प्रत्येक कारण तिला पटायचं आणि कुठलंच खरं वाटायचं नाही. तिला फक्त स्वतःचा आवाज आठवायचा, शिक्षकांच्या बैठकीतला, सपाट. "भूतकाळ अजिबात नाही," ती म्हणाली होती. "दोन्ही क्रियापदं मूळ रूपात. आठ." रेनिसने खांदे उडवले. "तुमचा अनुभव मोठा," असं म्हणून त्याने आठ लिहिले. दोघांनी सही केली. मग पंधरावा क्रमांक आत आला, एक म्हातारा, त्याने टोपी काढली आणि तो रडायलाच लागला. त्याच्यासाठी पाणी आणावं लागलं.

निकालाला तीन आठवडे लागतात. त्या तीन आठवड्यांत जिन्यात सगळं नेहमीसारखं होतं. रिम्मा तळमजल्यावरच्या बाईच्या कुत्र्याला शिव्या घालायची, लिफ्टच्या माणसाची नक्कल करायची. "माझ्या नातीचा फोन आला होता," ती एकदा म्हणाली, "इंग्रजीत काय काय बोलली, मी म्हटलं यस, यस. मुलगी म्हणते, आई, ती विचारत होती तू कधी मरणार आहेस! शाळेत शिकवलं म्हणे, सगळी माणसं मरतात. आणि मी आपली, यस, यस!" ती हसताना तिचा आवाज मध्येच फुटला. वेल्गाही हसली. हसताना तिला आकडा माहीत होता. तो तिच्या आत कुठेतरी होता, कोटाच्या अस्तरात घसरून गेलेल्या नाण्यासारखा. टोचत नव्हता, फक्त चालताना कधीतरी कळायचा. परीक्षेच्या खोलीबद्दल दोघींपैकी कुणीही एक शब्द काढला नाही. वेल्गाला वाटे, रिम्मा काढत नाही कारण तिला माझी नोकरी सांभाळायची आहे. आणि मग वाटे, मी काढत नाही ते कशाला?

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी, दारावर लाथ बसली. रिम्माच्या हातांत भांडं नव्हतं, एका हातात फक्त पत्र होतं.

"हे बघ," ती आत येत रशियनमध्ये म्हणाली. "लिहिणं अकरा. ऐकणं दहा. वाचणं बारा, बारा बरं का! आणि बोलणं आठ. बोलणं, वेल्गा! सत्तर वर्षं जिचं तोंड मिटलं नाही तिला बोलण्यात आठ! गेन्नादी असता तर खुर्चीवरून पडला असता. म्हणाला असता, शेवटी कुणीतरी हिला गप्प केलं." ती स्टुलावर बसली. रुमाल तिने डोक्यावरून काढला नव्हता. "खाली काय लिहिलंय ते वाच. सरकारी आहे, मला कळत नाही."

वेल्गाने वाचलं आणि रशियनमध्ये सांगितलं. पुन्हा एकदा बसता येईल, तोपर्यंत परवाना तात्पुरता चालू राहील, त्या वेळीही नाही झालं तर दिलेल्या मुदतीत देश सोडावा लागेल. तिचं भाषांतर स्वच्छ होतं. लहानपणापासून ती स्वच्छ भाषांतर करत आली होती.

"कुठे जायचं सोडून?" रिम्मा म्हणाली. "प्स्कोवला? तिथे माझं एक थडगं आहे, आजीचं, तेही कुठलं ते मला ठाऊक नाही." मग थोडं थांबून, "तो पोरगा हसरा होता. मला वाटलं तो देईल."

"तो देत होता," वेल्गा म्हणाली. "नऊ देत होता."

ते तोंडून निघून गेलं. काही कबूल करायचं असं तिने ठरवलं नव्हतं. वस्तू ठेवायला टेबलावर हात न्यावा आणि ती खाली पडावी तसं झालं. रिम्माने पत्र घडीवर घडी घालून लहान केलं. शेगडीवर केटली होती, ती शिटी वाजवू लागली, आणि दोघींपैकी कुणी उठलं नाही. शेवटी रिम्मानेच हात लांबवून गॅस बंद केला. तिला ते बटण कुठे आहे ते न बघता कळायचं.

"असं," ती म्हणाली.

"तुला क्रियापदं आली नाहीत," वेल्गा म्हणाली. "भूतकाळ नव्हता."

"नव्हता खरा."

"तू मला सांगितलं का नाहीस परीक्षेचं? मी शिकवलं असतं."

"तू?" रिम्माने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. कुतूहलाने म्हणावं तर तेही नाही. "तू दोन दिवस शिकवलं असतंस, बाई. तिसऱ्या दिवशी तुझं डोकं दुखलं असतं." ती उठली. "तिथे खोलीत मला वाटलं, बरं झालं, ही आहे. मग वाटलं, नको, ओळख दाखवली तर हिला त्रास होईल. मी एवढा विचार करत होते की काल काय केलं तेच विसरले. खरं सांगते. मला येत होतं ते एक वाक्य. पाठ केलं होतं. काल मी दुकानात गेले." हे शेवटचं वाक्य ती लाटवियनमध्ये म्हणाली. ते बरोबर होतं. मग ती चार पावलं चालून गेली आणि तिचं दार लागलं, आपटलं नाही, नुसतं लागलं.

त्यानंतर ती दिसेनाशी झाली. म्हणजे दिसायची, बूट दाराबाहेर असायचे, पण बाहेर पडायची वेळ तिने बदलली होती. भिंतीतून गुणगुण यायची, आता जास्त वेळ, आणि वेल्गा सिंकपाशी नळ बंद करून ऐकायची. मी गेले, तू गेलास, तो गेला. मी आणलं, तू आणलंस, त्याने आणलं. एकदा एक रूप ती सारखं चुकीचं म्हणत होती, तीनदा, चारदा, आणि वेल्गाने बरोबर रूप मोठ्याने म्हटलं, भिंतीकडे तोंड करून. पलीकडे खुर्ची सरकली. मग पुन्हा सुरू झालं, पण दुसऱ्या खोलीतून, लांबून, शब्द न कळण्याइतकं.

मार्चमध्ये रिम्मा ट्रेनने येल्गावा शहरात जाऊन परीक्षेला बसली, तिथे परीक्षक वेगळे असतात म्हणून. पास झाली. हे वेल्गाला तळमजल्यावरच्या कुत्रेवाल्या बाईने सांगितलं. "बोलण्यात तेरा मिळाले म्हणे! तुम्हीच तयारी करून घेतली असणार, शेजारीच शिक्षिका." वेल्गा काहीतरी म्हणाली. त्याच दिवशी लिफ्टमध्ये दोघी समोरासमोर आल्या. "अभिनंदन गं," वेल्गा रशियनमध्ये म्हणाली, "ऐकलं मी. तेरा!"

"आभारी आहे," रिम्मा लाटवियनमध्ये म्हणाली. "परीक्षा अवघड होती. पण मी खूप अभ्यास केला."

वेल्गाला ती थट्टा वाटली आणि ती पुढच्या वाक्याची वाट बघत हसतमुख उभी राहिली. पुढचं वाक्य आलं ते असं: "आज हवा थंड आहे. उद्या पाऊस पडेल." लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली. रिम्माने दाराला हात लावून तिला आधी बाहेर पडू दिलं.

मग तेच चालू राहिलं. वेल्गाने रशियनमध्ये काहीही विचारलं की उत्तर लाटवियनमध्ये यायचं, लहान, स्वच्छ, नम्र. हो, माझी तब्येत बरी आहे. नाही, मुलगी उन्हाळ्यात येणार नाही. बाजारात काकड्या महाग आहेत. तिच्या बोलण्यात कडवटपणा ऐकू यावा म्हणून वेल्गा कान देऊन ऐकायची, पण त्या भाषेत रिम्माकडे कडवटपणाला पुरतील एवढे शब्दच नव्हते. लिफ्टच्या माणसाच्या नकला नव्हत्या, नातीचे किस्से नव्हते, गेन्नादीच्या कागाळ्या नव्हत्या. तीनशे-चारशे शब्दांची एक सभ्य म्हातारी समोरच्या घरात राहायला आली होती आणि तिच्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. आपण एवढी वर्षं जे मागत होतो ते हेच, वेल्गा स्वतःला सांगायची. आई असती तर? आईला या शेजारणीशी दुकानात, जिन्यात, कुठेही बोलता आलं असतं. दोघी हवेबद्दल बोलल्या असत्या. ती हा विचार पुढे ढकलून बघायची, आणि तो तिथेच थांबायचा.

एप्रिलच्या शेवटी वेल्गाला ताप आला. तीन दिवस ती अंथरुणात होती. मार्तिन्श नॉर्वेहून फोन करून गोळ्यांची नावं सांगत होता. चौथ्या दिवशी दुपारी दारावर लाथ बसली. ती भिंतीला धरून गेली, दार उघडलं. रिम्मा उभी होती, दोन्ही हातांत फडक्यात धरलेलं पातेलं.

"हे सूप आहे," ती लाटवियनमध्ये म्हणाली. "कोंबडीचं सूप. मी सकाळी केलं. सूप गरम आहे, सावकाश खा."

"रिम्मा," वेल्गा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आत ये. बस ना थोडी. शिव्या दे मला, काय द्यायच्या त्या दे, पण नीट दे. आपल्या भाषेत दे."

रिम्माने तिच्या हातात पातेलं दिलं, आधी फडकं नीट गुंडाळून, तिची बोटं भाजणार नाहीत असं बघून. क्षणभर तिच्या भुवयांमध्ये रेघ आली, ओठ हलले, आणि वेल्गाला वाटलं, आता. पण ती फक्त शब्द शोधत होती.

"मी आता घरी जाते," रिम्मा म्हणाली. "तुम्ही आराम करा. पातेलं मला उद्या द्या." मग थोडं थांबून, शिकल्याप्रमाणे, तिने जोडलं, "घाई नाही."

वेल्गा दारात पातेलं धरून उभी राहिली. चौतीस वर्षांत तिला रिम्माने कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. समोरचं दार लागलं. स्वयंपाकघरात जाऊन ती टेबलाशी बसली, चमचा घेतला आणि खाऊ लागली. तापाने तिच्या जिभेची चव गेली होती. मीठ कमी की जास्त ते तिला कळलं नाही. पण सूप गरम होतं, आणि ती सांगितल्याप्रमाणे सावकाश खात राहिली.